चौतीस कंपन्यांवरून सतरावर : घरच्या पोर्टफोलिओची छाटणी, फोंडा (गोवा)

पंधरा-वीस वर्षांत थोडे थोडे करत शेअर जमले आहेत, पण कशात किती आहे हे विचारलं तर पटकन सांगता येत नाही, अशा माणसांसाठी या नोंदी ठेवतोय. मी सल्लागार नाही. हॉटेलांना चादरी, टॉवेल, नॅपकिन पुरवायचा माझा धंदा आहे. बायको एका औषध कंपनीत क्वालिटी विभागात आहे. आकडे आमच्या घरचे आहेत, म्हणून तुमची उत्तरं वेगळी येतील. कामाची पद्धत आणि आम्ही कुठे अडकलो तेवढं उपयोगी पडावं.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

सकाळी पदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला तेव्हा बसलो, उठलो तेव्हा जेवणं झाली होती. दोघांची डिमॅट खाती (ज्यांत शेअर जमा असतात), त्यांची एकत्र स्टेटमेंट आणि एक कोरी शीट. मोजल्यावर कळलं, आपल्याकडे ३४ कंपन्या आहेत. मला वाटत होतं वीस-बावीस असतील.

दिवस फुकट गेला, कारण प्रत्येकाचं वेटेज, म्हणजे एकूण रकमेतला टक्क्यांतला वाटा, मी खरेदीच्या किमतीवर काढलं. बाबांनी मला भेट दिलेला खाण कंपनीचा शेअर त्यात जेमतेम दीड टक्का दिसला. आजच्या भावाने तो ₹१,६७,४०० चा आहे. खरेदी किंमत फक्त कर काढताना लागते. आज बाजारात उभं राहिलो तर कशाचे किती हातात येतील, ते वेटेज. सगळी शीट पुन्हा करायची.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला. आज शीट नव्याने केली. एकूण ₹१८,६०,०००. त्यातले

हॉटेल, विमान आणि प्रवास या धंद्यातल्या ५ कंपन्या : २४%
बायकोची औषध कंपनी, इसॉपमधून (कर्मचाऱ्यांना शेअर द्यायची कंपनीची योजना) आलेले शेअर : १८%
आणखी दोन औषध कंपन्या : ५%
बँका आणि फायनान्स, ७ कंपन्या : २६%
खाण कंपनी : ९%
उरलेल्या १८ कंपन्या मिळून : १८%

त्या १८ मध्येही १२ कंपन्या अशा, की सगळ्यांची बेरीज ₹४४,०००. कोणी सांगितलं म्हणून घेतलेले, आयपीओत लागलेले, पडला म्हणून स्वस्तात आणखी घेऊन ॲव्हरेज केलेले. या बारांनी माझं लक्ष सगळ्यात जास्त खाल्लं आणि पोर्टफोलिओला काहीच दिलं नाही. त्यातला एखादा तिप्पट झाला असता तरी एकूण रकमेत फरक अर्ध्या टक्क्याच्या आतच पडला असता.

हॉटेलांचे शेअर इतके का, तर "या धंद्यातलं मला कळतं" म्हणून. कळतं हे खरंच आहे. कांदोळी-कळंगुट पट्ट्यात कोणत्या हॉटेलने यंदा चादरींची ऑर्डर वाढवली हे मला ऑगस्टमध्येच माहीत असतं. त्या भरवशावर घेत गेलो आणि मोसम चांगले गेले तसे ते वाढतही गेले.

२० ऑक्टोबर, रविवार

आज शीटमध्ये एक रकाना वाढवला. या सगळ्या उद्योगातली कामाची गोष्ट कोणती विचाराल तर हा रकाना. प्रत्येक शेअरपुढे लिहायचं : हा पडला तर घरात त्याच वेळी आणखी काय पडतं?

हॉटेलांपुढे लिहिलं : माझा धंदा. घरात येणाऱ्या १०० रुपयांतले ५८. शिवाय मोसमात हॉटेलवाल्यांकडे अडकलेली उधारी, आजची ₹३,२०,०००. म्हणजे पर्यटनावर माझे शेअरमधले ₹४,४६,४०० तर आहेतच, त्यावर ही उधारी, आणि त्यावर रोजची भाकरी.

औषध कंपनीपुढे लिहिलं : बायकोचा पगार. उरलेले ४२ रुपये.

मार्च २०२० मध्ये हे एकदा होऊन गेलेलं आहे. २३ मार्चला सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांनी पडला. त्याच आठवड्यात हॉटेलं बंद झाली. पुढचे काही महिने माझं बिलिंग शून्य, उधारी अडकलेली आणि हॉटेलांचे शेअर तळाला. घरखर्चाला त्या तळाच्या भावाने काही शेअर विकावे लागले. तेव्हा वाटलं, महामारी म्हणजे कुणाच्या हातात नसलेली गोष्ट. आज रकाना भरताना दिसलं, की महामारी हातात नव्हती, पण तिन्ही गोष्टी एकाच खुंटीला बांधणं माझ्याच हातात होतं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

काल एक चूक केली, नवशिक्यांनी ध्यानात ठेवावी अशी. शीटमध्ये भाव आपोआप येतात, शेअरची संख्या मी हाताने भरतो. काल रिलायन्सचं वेटेज एकदम निम्मं दिसलं. माझ्या हिशेबात ते ठरवलेल्या वाट्याच्या खाली गेलं, म्हणून मी दुकानातून फोनवरच आणखी घेतले.

काल रिलायन्सच्या एकास एक बोनसची (एका शेअरमागे एक फुकट) रेकॉर्ड डेट होती, म्हणजे ज्यांच्या नावावर त्या दिवशी शेअर त्यांनाच बोनस. भाव निम्मा झाला, बोनसचे शेअर खात्यात यायला काही दिवस लागतात, आणि माझ्या शीटमध्ये संख्या जुनीच. पडलं काहीच नव्हतं. बायकोने रात्री शीट बघून विचारलं, "अहो, एका दिवसात निम्मा पडला असता तर बातम्यांत आलं नसतं का?" खरं आहे. ₹१४,००० ची नको असलेली खरेदी झाली.

दुरुस्ती : शीटमध्ये "शेवटचं तपासलं" असा तारखेचा रकाना टाकला. एखादं वेटेज दिवसात दहा टक्क्यांपेक्षा जास्त हललं तर ऑर्डर टाकायची नाही, आधी बोनस, स्प्लिट (एका शेअरचे तुकडे), डिमर्जर (धंद्याचा एक भाग वेगळी कंपनी होणं) बघायचं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. संध्याकाळी मुहूर्ताचा सौदा बाबांच्या हातून, दरवर्षीप्रमाणे. एकच शेअर घेतला, रीत म्हणून.

१७ नोव्हेंबर, रविवार

नियम ठरवायला बसलो. कुठल्या कंपनीला किती टक्के द्यायचे यावर पंधरा दिवस घोळ चालला होता. सगळ्यांना सारखे द्यावेत, तर छोट्या कंपनीत मोठ्या बँकेइतकेच पैसे जातात. निर्देशांकासारखे बाजारमूल्यावर द्यावेत, तर निफ्टीचा सुमारे एक तृतीयांश भाग बँका आणि फायनान्सचाच आहे, तोच माझ्याकडे येणार. जिथे खात्री जास्त तिथे वाटा जास्त म्हणावं, तर हॉटेलांबद्दल मला सगळ्यात जास्त खात्री होती.

शेवटी उलटीकडून गेलो. एक कंपनी निम्म्यावर आली तर घराला किती रुपयांचा फटका झेपेल, रोजच्या जगण्यात काही न हलता? दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं. मी ₹१,००,०००, तिने ₹५०,०००. मधला आकडा धरला, ₹७५,०००. साधारण माझ्या चांगल्या डिसेंबरची कमाई. १८,६०,००० चे ८ टक्के म्हणजे ₹१,४८,८००, त्याचे निम्मे ₹७४,४००. म्हणून वरची मर्यादा ८%. खाली ६ आणि ४ अशा दोन पायऱ्या. ४ टक्क्यांची लायकी नसेल तर नवी कंपनी घ्यायचीच नाही.

त्यावर घरची कात्री : पर्यटनाशी संबंधित सगळं मिळून ५%. जिथून पगार येतो ती कंपनी जास्तीत जास्त ३%. बँका-फायनान्स २५ च्या आत.

बँकांमध्ये एक गोष्ट लक्षात आली. माझा ₹७,००,००० चा निफ्टी इंडेक्स फंड (निफ्टीतल्या कंपन्या त्याच प्रमाणात धरणारा) वेगळा आहे, तो मी या हिशेबात धरतच नव्हतो. निफ्टीत एचडीएफसी बँकेचं वेटेज १० टक्क्यांहून जास्त आहे. म्हणजे फंडातूनच माझे किमान ₹७०,००० त्या बँकेत आहेत, आणि वर मी सुटे शेअरही धरून आहे. १ जुलै २०२३ ला एचडीएफसी तिच्यात विलीन झाली, २५ शेअरना ४२, तेव्हाही असंच झालं होतं. माझ्याकडे दोन्ही होत्या, दोन कंपन्या म्हणून मोजलेल्या, आणि बघता बघता एकच राहिली. फंडातलं धरून मोजायचं, हा नियम शीटमध्ये लिहिला.

खाण कंपनीचा विषय संध्याकाळी बाबांकडे काढला. शेअर माझ्या नावावर असले तरी ते त्यांचे आहेत. २००४ मध्ये चीनला खनिज जोरात जात होतं तेव्हा त्यांनी घेतलेले. आमच्या दोन टिपर तेव्हा खाणीवरून उसगावच्या धक्क्यावर फेऱ्या मारायच्या, आणि काकांचं टिपरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, त्यात बाबांची भागी.

बाबा आत गेले आणि फेऱ्यांची वही घेऊन आले. लाल पुठ्ठ्याची, कडा वाळवीने खाल्लेल्या. एकेका पानावर तारीख, फेऱ्या, डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता. सप्टेंबर २०१२ पर्यंत ओळी दाट. त्या महिन्यात राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. पुढची पानं कोरी. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली तेव्हा पुन्हा थोड्या ओळी, विरळ. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्द झाले, १६ मार्चपासून काम बंद. त्यानंतर वहीत काही नाही. एका टिपरच्या हौद्यात पावसाळ्यात रान वाढलं होतं, ते मला अजून आठवतं. भंगारात गेली ती.

मी विचारलं, "बाबा, तेव्हा शेअर का नाही विकले?"

ते म्हणाले, "टिपरीचा हप्ता थकलेला, दुकानात गिऱ्हाईक नाही, आणि शेअर पडलेला. तेव्हा विकला असता तर काय हातात आलं असतं? विकायचा होता तो २०१० मध्ये, पण तेव्हा सगळं बरं चाललेलं. बरं चाललेलं असताना कोण विकतो, सांग."

मग थोड्या वेळाने, "तुझी हॉटेलं आता बरी चालतात ना?"

तीन टक्के ठेवून बाकीचे विकायला त्यांनी होकार दिला. मी सगळे विका म्हणालो नाही आणि म्हणणारही नाही.

२४ नोव्हेंबर ते ८ डिसेंबर

विक्री. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाचा सोहळा चालू आहे, धंद्याचे दिवस, त्यामुळे सगळं रात्री ठरवून सकाळी दुकान उघडण्याआधी ऑर्डर टाकल्या.

प्रवास-हॉटेल : पाचातल्या तीन पूर्ण विकल्या, दोनांतलं कमी केलं. ₹३,५०,०००.
खाण : ₹१,११,६००.
बँका : सातांतल्या तीन, ₹१,१०,०००.
दोन औषध कंपन्या : ₹९३,०००, जवळजवळ घेतल्या भावालाच.
चिल्लर बारा : अकरा विकल्या. बारावीचं ट्रेडिंगच थांबवलेलं आहे. ती विकता येत नाही, आणि विकल्याशिवाय तिचा तोटाही दाखवता येत नाही. ती शीटमध्ये शून्याने राहील.

चिल्लर कंपन्या विकताना दोन ठिकाणी मार खाल्ला. पहिली मार्केट ऑर्डरने, म्हणजे मिळेल त्या भावाला, विकली. घेणारे मोजकेच होते, शेवटचे शेअर चार टक्के खालच्या भावाला गेले. दुसरीपासून लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावाखाली न विकणारी), दोन-तीन दिवस थांबायची तयारी ठेवून. दुसरं म्हणजे डिमॅटचं शुल्क. विक्रीच्या दिवशी प्रत्येक कंपनीमागे पंधरा-वीस रुपये लागतात. माझ्याकडे एका कंपनीचे ₹९०० चे शेअर होते आणि ते मी दोन दिवसांत दोन तुकड्यांनी विकले, म्हणजे दोनदा शुल्क. एकाच दिवशी विकायचे.

११ डिसेंबर, बुधवार

कराचा हिशेब. गोव्यातल्या वाचकांनी हा भाग नीट वाचावा, कारण आपल्याकडे तो वेगळा आहे आणि बाहेरच्या सल्ल्यात तो कधीच नसतो.

२३ जुलै २०२४ पासून शेअरवरच्या दीर्घकालीन नफ्यावर १२.५% कर आणि वर्षाला ₹१,२५,००० पर्यंतचा नफा माफ. वर्षाच्या आत विकलं तर २०%. हे सगळ्या देशाला. पण आपल्याकडे पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, आणि आयकर कायद्याचं कलम ५ए सांगतं, की पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं वाटून दाखवायचं. शेअर कोणाच्या डिमॅटमध्ये आहेत याने फरक पडत नाही. म्हणजे माझ्या खात्यात झालेल्या नफ्याचा अर्धा भाग तिच्या रिटर्नमध्ये जातो आणि माफी दोघांना वेगवेगळी मिळते. मिळून ₹२,५०,०००. मात्र साधा आयटीआर-१ भरता येत नाही, मोठा फॉर्म आणि त्यातलं ५ए चं परिशिष्ट भरावं लागतं.

आमचा दीर्घकालीन नफा : हॉटेल-प्रवास ₹१,६२,०००, खाण ₹४८,०००, बँका ₹३६,०००. एकूण ₹२,४६,०००. खाण शेअर जुने असल्याने ३१ जानेवारी २०१८ चा भाव खरेदी किंमत म्हणून धरला, त्या आधीची वाढ करात येत नाही. भेट मिळालेले शेअर असले तरी बाबांची तारीख आणि बाबांची किंमत आपल्याला मिळते.

आता चूक. अकरा चिल्लर कंपन्यांत ₹३१,००० चा दीर्घकालीन तोटा झाला. तो त्याच वर्षीच्या नफ्यातून आधी वजा होतो, माफी त्यानंतर. माझा ₹२,४६,००० चा नफा तसाही माफीत बसत होता. तोटा त्याच वर्षी काढून मी तो वाया घालवला. एप्रिलनंतर विकल्या असत्या तर पुढच्या वर्षीच्या नफ्यापुढे उभा करता आला असता, आणि न वापरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो. आमच्या सीएंनी हे एका वाक्यात सांगितलं, पण मी विचारायला गेलो विकून झाल्यावर. आधी जायला हवं होतं.

२२ डिसेंबर, रविवार

विकून आलेल्या पैशांतले ₹२,४०,००० नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच एकदम गुंतवले होते. शीटमध्ये रिकामे टक्के दिसायला लागले की हात थांबत नाही. बाजार सप्टेंबरच्या उंचीवरून उतरतोय हे दिसत असूनही सगळं एका आठवड्यात भरलं. उरलेलं आता चार भागांत, दर महिन्याला एक.

नव्या तीन कंपन्या निवडायला तीन रविवार गेले. अट पहिली, रकान्यात "घरात आणखी काय पडतं" याचं उत्तर "काही नाही" असं हवं. वीजवहनातली एक : पॉवर ग्रिड. तिचा परतावा नियामक आयोग ठरवतो, गोव्यात पर्यटक येवोत न येवोत. आयटीतली एक : टीसीएस, कमाई मुख्यतः परदेशी चलनात. तिसरी रंगांची.

अट दुसरी माझ्या धंद्यातून आली. गेल्या दहा वर्षांच्या निव्वळ नफ्याची बेरीज आणि दहा वर्षांत व्यवसायातून प्रत्यक्ष आलेल्या रोकडीची बेरीज शेजारी मांडायची. एक कंपनी मला फार आवडली होती, वाढ उत्तम, कर्ज कमी. तिचा नफा शंभर धरला तर रोकड अडतीस निघाली. उधारी विक्रीपेक्षा वेगाने वाढत होती. चादरी देऊन बिल फाडलं की पुस्तकात नफा दिसतो, पैसे मिळतात हॉटेलवाल्याच्या मर्जीने, हे मी रोज बघतो. सोडली. हॉटेलांच्या धंद्यातलं ज्ञान खरं उपयोगी पडलं ते इथे.

७ जानेवारी २०२५, मंगळवार

दोन अडथळे एकदम.

बायकोच्या कंपनीचे शेअर या आठवड्यात विकायचे ठरवले होते. तिने ऑफिसात विचारलं. तिच्या विभागातल्या लोकांची नावं डेझिग्नेटेड पर्सनच्या (कंपनीची आतली माहिती कळू शकते अशा लोकांच्या) यादीत आहेत. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमाप्रमाणे तिमाही संपली की निकाल जाहीर होऊन ४८ तास जाईपर्यंत त्यांना व्यवहार बंद, आणि हे जवळच्या नातेवाइकांनाही लागू. म्हणजे मलाही. डिसेंबरमध्ये खिडकी उघडी होती, म्हणजे व्यवहाराला मुभा होती, तेव्हा मी चिल्लर कंपन्यांत गुंतलो होतो. सगळ्यात मोठं आणि सगळ्यात अडचणीचं होल्डिंग आधी घ्यायला हवं होतं.

दुसरं, आयटीसी. काल हॉटेल व्यवसाय वेगळा काढण्याची रेकॉर्ड डेट होती, दहा शेअरना आयटीसी हॉटेल्सचा एक. माझ्याकडे २०० आहेत, म्हणजे २० येणार. पर्यटन पाच टक्क्यांवर आणून महिना झाला नाही तोच एक हॉटेल कंपनी आपसूक दारात. आयटीसीने स्वतःकडे सुमारे ४०% ठेवलेच आहेत, म्हणजे आयटीसी धरली तरी थोडं हॉटेल येतंच. लिस्ट झाल्यावर ते वीस विकायचे. मूळ खरेदी किंमत दोन्हींत वाटून घ्यावी लागते, प्रमाण कंपनी जाहीर करते, ते शीटमध्ये नोंदवून ठेवा, नाहीतर पुढे सापडत नाही.

बोनसच्या धड्यामुळे यावेळी आयटीसीचा भाव खाली दिसला तरी काही घेतलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आयटीसी हॉटेल्स २९ जानेवारीला लिस्ट झाली, पुढच्या आठवड्यात विकली. रक्कम किरकोळ.

खिडकी उघडली. तिने कंपनीच्या कम्प्लायन्स अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेऊन ₹८५,००० चे शेअर विकले, नफा ₹३४,०००. इतकेच का, तर ₹२,४६,००० मधून तोट्याचे ₹३१,००० वजा जाऊन ₹२,१५,००० राहिले होते आणि दोघांच्या माफीत ₹३५,००० ची जागा होती. डिसेंबरची चूक अशी भरून निघाली, पण ती माझ्या हुशारीने नाही, खिडकी उशिरा उघडल्याने. इसॉपमध्ये खरेदी किंमत म्हणून हक्क वापरून शेअर घेतले त्या दिवशीचा भाव धरायचा, ज्यावर पगारात कर कापला गेलाय तो. आम्ही आधी प्रत्यक्ष भरलेली कमी रक्कम धरली होती आणि नफा दुप्पट दिसत होता.

बाकीचे एप्रिलनंतर, म्हणजे नव्या वर्षाच्या माफीत.

९ मार्च, रविवार

सप्टेंबरात २६,००० च्या वर गेलेला निफ्टी या आठवड्यात २२,००० च्या आसपास येऊन गेला. नोव्हेंबरात एकदम घातलेले ₹२,४०,००० आज सुमारे ₹३१,००० नी खाली आहेत. हप्त्याहप्त्याने घातलेले ₹९,००० नी.

या पडझडीत एक वाईट सवय लागली होती, ती लिहून ठेवतो. दर शनिवारी शीट उघडून वेटेज "जुळवून" घेत होतो. सहा टक्क्यांचं साडेपाच झालं की घे, साडेसहा झालं की वीक. फेब्रुवारीत असे अकरा व्यवहार केले. शिवाय नुकत्याच घेतलेल्या कंपन्या वर्षाच्या आत विकल्याने जो थोडा नफा झाला तो २०% च्या घरात गेला.

आता नियम : शीट वर्षातून दोनदा, पावसाच्या सुरुवातीला आणि दिवाळीनंतर. मध्ये हात लावायचा तो फक्त एखादी कंपनी १२% च्या वर गेली तर, किंवा कंपनीतच काही बिघडलं तर. भाव पडला म्हणजे बिघडलं असं नव्हे.

७ एप्रिल, सोमवार

अमेरिकेच्या आयातशुल्काच्या बातमीवर सेन्सेक्स २,२०० अंकांहून जास्त पडला. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, फोन हातात. शीट उघडली नाही. घरातल्या रोकडीत दुकानाचा आठ महिन्यांचा खर्च एफडीत आहे, जून ते सप्टेंबर बिलिंग नसतं म्हणून तो नेहमीच लागतो. २०२० मध्ये तो नव्हता. आज विकायची वेळ आली नाही त्याचं कारण ती एफडी.

एप्रिलचा हप्ता ठरल्याप्रमाणे गेला.

२९ जून, रविवार

पाऊस लागलाय, दुकानाला शांतता. मे अखेरीस खिडकी उघडल्यावर बायकोचे आणखी शेअर विकले. सगळे नाही. चार टक्के राहिले, नियम तीनचा आहे. तिथल्या माणसांबरोबर पंधरा वर्षं काम केलंय, थोडे जास्त राहू देत म्हणाली. लाल शाईने तो आकडा शीटमध्ये आहे, दिवाळीला पुन्हा बोलू.

आजची स्थिती : १७ कंपन्या, आणि ती एक बंद पडलेली. पर्यटन ५, औषध ४, खाण ३, बँका-फायनान्स २२, बाकीच्या नऊ कंपन्या मिळून ५६, रोकड आणि लिक्विड फंड (पैसे लगेच काढता येतात असा) १०.

खर्च : एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), स्टँप ड्युटी, ब्रोकरेज, डिमॅट शुल्क मिळून साधारण ₹२,३००. सीएंची फी या वर्षी ₹१,५०० जास्त. रिलायन्सची चुकीची खरेदी ₹१४,०००, ती अजून धरून आहे. नोव्हेंबरच्या घाईची किंमत वर लिहिलीच आहे. वेळ साठ तासांच्या आसपास, त्यातले वीस तरी चुकीची शीट आणि दर शनिवारची जुळवाजुळव यांत गेले.

राहिलेलं काम :

दोघांच्या डिमॅटमध्ये नॉमिनी तपासणे. माझ्या खात्यात अजून लग्नाआधीचा नॉमिनी आहे.

बाबांच्या स्वतःच्या खात्यातलं नाव. जन्मदाखल्यात पोर्तुगीज काळातलं स्पेलिंग, पॅनवर दुसरं, डिमॅटमध्ये तिसरं. केवायसी दोनदा परत आली. नावबदलाचं प्रतिज्ञापत्र करून घ्यायचं आहे, त्यासाठी मंगळवारी त्यांना घेऊन नोटरीकडे जातोय.

रिटर्न. यंदा (२०२५) मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली आहे, पण चवथ (गणेश चतुर्थी) २७ ऑगस्टला आहे, त्याआधी संपवायचं.